किडनी घेतली, मज्जा टाकली

रात्रीचे आठ वाजले की माझ्या एका मित्राच्या फोनवर गजर होतो. समोर ताट वाढलेलं असो की गप्पा ऐन रंगात आलेल्या असोत, तो वाक्य अर्धं सोडून उठतो, स्ट्रिपमधून कॅप्सूल काढतो, घोटभर पाण्याबरोबर गिळतो आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करतो. सकाळी आठला पुन्हा तेच. किडनी बदलून अकरा वर्षं झाली, हा नेम चुकलेला नाही. ठरावीक दिवसांनी रक्तातली टॅक्रोलिमसची, म्हणजे त्या कॅप्सूलमधल्या औषधाची, पातळी तपासायची असते. त्या सकाळी तो लॅबच्या बाकावर कॅप्सूल मुठीत धरून बसतो, कारण रक्त काढायच्या आधी ती पोटात गेली तर आकडा फसवा येतो. आकडा चढला की हात थरथरतात, सही वाकडी येते. उतरला की झोप उडते.

त्याची किडनी एका अनोळखी माणसाची आहे. अपघात झाला, मेंदू मृत झाला, घरच्यांनी मन घट्ट करून सही केली, इतकंच त्याला ठाऊक. दोन किडन्या आणि यकृत तिघांना गेलं. बाकीचा देह घरच्यांच्या स्वाधीन झाला. त्या देहात मणक्यांच्या हाडांत भरलेली लाल मज्जा होती, तीही गेली. त्या मज्जेसाठी भांडायला मी हा लेख लिहितो आहे.

आधी त्या कॅप्सूलबद्दल. टॅक्रोलिमस मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं, त्याच्या आधीचं सायक्लोस्पोरिन एका बुरशीपासून. दोघांचं काम एकच, टी पेशीच्या, म्हणजे परक्या अवयवावर तुटून पडणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या सैनिकाच्या, आतलं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवायचं. टी पेशीला परकं काही दिसलं की तिच्या आत धोक्याची घंटा वाजू लागते. ही औषधं घंटेची तारच तोडतात. सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत १९८३ साली मान्यता मिळाली आणि अवयव प्रत्यारोपण हा धाडसाचा प्रयोग न राहता नेहमीचा उपचार झाला. या औषधांना नावं ठेवायचा करंटेपणा मी करणार नाही. ती नसती तर मित्र आज नसता.

पण तार तोडली की खऱ्या चोरालाही घंटा वाजत नाही. साधे विषाणू डोकं वर काढतात, त्वचेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, साखर वाढते. आणि सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे ही औषधं किडनीलाच इजा करतात. हृदय, फुप्फुस, यकृत असे किडनी सोडून दुसरे अवयव मिळालेल्या ६९ हजारांहून जास्त लोकांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी १६.५ टक्के लोकांच्या स्वतःच्या किडन्या पुढे निकामी होत गेल्या. एकट्या औषधांवर हे सगळं खापर फोडता येत नाही, पण मोठा वाटा त्यांचाच. हृदय वाचवायला निघालेला माणूस डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत पोचतो, याला आगीतून फुफाट्यात म्हणतात.

तरीही या क्षेत्राचा लाडका प्रश्न एकच असतो : पहिलं वर्ष संपताना अवयव चालू आहे ना? किडनीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ९० टक्क्यांहून जास्त वेळा 'हो' येतं, सगळे खूश होतात. मृत दात्यांच्या किडन्यांपैकी निम्म्या साधारण दहा-बारा वर्षांत थकतात, हे मात्र दबक्या आवाजात सांगितलं जातं. मित्राचं अकरावं वर्ष चालू आहे.

शरीराचं तोंड दाबून धरण्यापेक्षा त्याची समजूत काढता येईल का, हा प्रश्न औषधांच्या आधीपासूनचा आहे. १९४५ मध्ये रे ओवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाला जुळ्या वासरांच्या रक्तात चमत्कारिक गोष्ट दिसली. दिसायला वेगळी, वेगवेगळ्या बीजांपासून वाढलेली ही जुळी, पण प्रत्येकाच्या रक्तात स्वतःच्या तांबड्या पेशींबरोबर भावंडाच्याही पेशी फिरत होत्या, आणि मोठेपणीही फिरतच राहिल्या. तांबडी पेशी काही महिन्यांत मरते. म्हणजे भावंडाच्या रक्ताचा कारखानाच वासराच्या मज्जेत बिऱ्हाड करून बसला होता. गर्भात दोघांची वार जोडलेली, तिथून रक्तपेशींच्या आईपेशी इकडून तिकडे गेल्या. या आईपेशी म्हणजे रक्ताच्या मूळ पेशी, स्टेम सेल.

पुढचा किस्सा मला फार आवडतो. पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञांना ओवेनचं काम तेव्हा माहीत नव्हतं. एकबीज जुळी आणि द्विबीज जुळी वासरं वेगळी कशी ओळखायची, असं कुणीतरी त्यांना विचारलं. त्यात काय, कातडीची अदलाबदल करा, द्विबीज असतील तर कातडी गळून पडेल, असं त्यांनी बेधडक सांगून टाकलं. करून पाहिलं तर जवळपास सगळ्यांच वासरांनी भावंडाची कातडी आनंदानं ठेवून घेतली. शास्त्रज्ञाचा पोपट झाला आणि विज्ञानाचं भलं झालं. १९५३ मध्ये मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी तेच उंदरांत मुद्दाम घडवून आणलं : गर्भातल्या पिल्लांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या, आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर त्याच जातीची कातडी त्यांनी नाकारली नाही. तिसऱ्या जातीची मात्र नाकारली. प्रतिकारशक्ती शाबूत होती, फक्त एका पाहुण्यापुरती तिची समजूत पटलेली होती.

याला मराठीत सहिष्णुता म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, त्यात दात-ओठ खाऊन सोसण्याची छटा आहे. मेडावरांचे उंदीर काही सोसत नव्हते. सोसतोय तो माझा मित्र, गोळ्यांच्या जोरावर.

ही समजूत कोण घालतं, याचा शोध लागायला पुढची पन्नास वर्षं गेली, कारण मधे एक फजिती झाली. प्रतिकार दाबणाऱ्या टी पेशी असतात असं १९७० च्या दशकात बरेच जण सांगत होते. त्यांच्या खुणेचं जनुक अमुक ठिकाणी असणार असं ठरलं, आणि १९८० च्या दशकात ती जागा तपासली तर तिथे जनुकच नव्हतं. सगळा विषय बदनाम झाला. त्या पेशींचं नाव काढलं तरी लोक हसायचे. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची हसण्याकडे दुर्लक्ष करून कामाला लागले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस ही टी पेशी घडवणारी ग्रंथी काढली की उंदीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतात, आणि निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या की वाचतात, हे कोडं त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. १९९५ मध्ये त्यांनी त्या वाचवणाऱ्या पेशींची ओळख पटवली. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खवल्यांच्या कातडीच्या, काही आठवड्यांतच मरणाऱ्या उंदरांमध्ये बिघडलेलं फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. हेच जनुक बिघडलं तर माणसाच्या मुलग्यांनाही तसाच भयंकर आजार होतो. फॉक्सपी३ हे त्या नियामक टी पेशींचं मुख्य जनुक निघालं. या पेशींना प्रयोगशाळेतली मंडळी लाडानं ट्रेग म्हणतात. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

आता गोळीचा आणखी एक दोष दिसतो. ट्रेगना जगायला इंटरल्युकिन-२ हा खुराक लागतो, पण तो त्यांना स्वतःला रांधता येत नाही. त्या शेजारच्या टी पेशींच्या चुलीवर जेवतात. टॅक्रोलिमस ती चूलच विझवतं. म्हणजे भांडखोर उपाशी राहतात आणि भांडण मिटवणारेही. ज्या पेशी एक दिवस गोळीची गरज संपवू शकतील, त्यांनाच गोळी रोज थोडी थोडी उपाशी मारते.

मग ट्रेगना बळ देणारे संकेत शरीरात येतात कुठून? अनेक ठिकाणांहून, पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती मज्जा. रक्ताच्या मूळ पेशी हाडांच्या पोकळीत राहतात. शरीराची ही ठेव आहे, तिला दंगलीची झळ बसून चालणार नाही. २००४ मध्ये दिसलं की मज्जा हे ट्रेगचं एक मोठं ठाणं आहे. सीएक्ससीएल१२ नावाच्या रेणूच्या वासावर त्या तिथे टिकून राहतात. हा तोच रेणू आहे जो मूळ पेशींनाही मज्जेत धरून ठेवतो. दात्याकडून मूळ पेशी गोळा करण्यासाठी जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, तेव्हा हा वास विरतो आणि दोघी एकत्रच रक्तात उतरतात. घर एक, दाराची किल्लीही एक.

२०११ चा प्रयोग तर डोळ्यांनी पाहण्यासारखा होता, आणि खरोखर पाहिलाच गेला. जिवंत उंदराच्या कवटीच्या हाडातून सूक्ष्मदर्शकानं आत बघितलं. उंदराला ना रेडिएशन दिलेलं, ना प्रतिकार दाबणारं औषध. दुसऱ्या जातीच्या उंदराच्या मूळ पेशी त्याला टोचल्या होत्या. एरवी अशा परक्या पेशींचा फडशा पडायला हवा. महिना झाला तरी त्या हाडाच्या आतल्या अस्तराला चिकटून सुखरूप होत्या, स्वजातीच्या पेशींइतक्याच. त्यांच्या भोवती ट्रेगचा गराडा होता. ट्रेग काढून टाकल्या, परक्या पेशी संपल्या. २०१८ मध्ये याचं आणखी एक सूत सापडलं : मूळ पेशींशेजारी बसणाऱ्या ट्रेग अॅडेनोसिन तयार करतात, त्यानं मूळ पेशी शांत राहतात आणि हल्लेखोर मागे हटतात.

इथवर ट्रेग राखण करतात आणि मूळ पेशी राखल्या जातात असंच चित्र आहे. पण २००६ मध्ये उंदरांवरच झालेल्या एका कामानं बाण उलटा फिरवला होता. मज्जेबाहेर पडलेल्या रक्ताच्या पूर्वज पेशींच्या अंगावर जॅग्ड२ नावाचं प्रथिन असतं. टी पेशीवर नॉच नावाचा कान असतो. पेशीला पेशी भिडली, जॅग्ड२ नॉचच्या कानाला लागलं, की ट्रेगची संख्या वाढते. ज्या उंदरांना आपोआप मधुमेह होतो, त्यांना या वाढलेल्या ट्रेगनी वाचवलं. म्हणजे मूळ पेशी नुसत्या पहाऱ्यात बसलेल्या राण्या नव्हेत, पहारेकरी भरती करणाऱ्याही त्याच. संकेत क्षणभराचा, स्पर्शाचा, पण ट्रेग वाढल्या की त्या पुढे स्वतःच्या पायावर चालतात.

प्रत्यारोपणाच्या दृष्टीनं हे वाचा. किडनीला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती मुकी आहे, परक्या गावात आलेली आहे. त्याच दात्याच्या मूळ पेशी मात्र बोलतात, त्या दात्याची ओळख घेऊन येतात आणि यजमानाच्या ट्रेगना त्याच ओळखीची सवय लावू शकतात. दुभाष्याला मागे ठेवून आपण मुक्या पाहुण्याला तेवढं पाठवतो, आणि यजमान ओरडला की त्याच्या तोंडात बोळा कोंबतो.

हे नुसतं रूपक नाही, माणसांत करून पाहिलेलं आहे. २००८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या चमूनं पाच रुग्णांची हकिगत सांगितली. त्यांना नातलगाची, पूर्ण न जुळणारी किडनी आणि त्याच नातलगाची मज्जा एकत्र दिली होती. एकाची किडनी प्रतिपिंडांच्या हल्ल्यात गेली. उरलेल्या चौघांच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. गंमत म्हणजे दात्याच्या रक्तपेशी रुग्णाच्या अंगात जेमतेम काही आठवडे टिकल्या. दुभाषा निघून गेला, समजूत मात्र मागे राहिली. ही समजूत टिकवण्यात ट्रेगचा हात असावा असं म्हणायला आधार आहे. पुढे वर्षांनी काही जणांना गोळ्या परत सुरू कराव्या लागल्या, हेही लिहायला हवं. स्टॅनफर्ड आणि नॉर्थवेस्टर्न इथेही वेगवेगळ्या रीतींनी काही रुग्णांच्या गोळ्या सुटल्या. २०२२ मध्ये स्टॅनफर्डनं एका दुर्मिळ आजाराच्या तीन मुलांचं सांगितलं : आधी आई किंवा वडिलांच्या मूळ पेशी, काही महिन्यांनी त्यांचीच किडनी, आणि त्यानंतर गोळ्या नाहीत.

यकृताची तर तऱ्हाच निराळी. आईवडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेल्या २० मुलांच्या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू कमी केल्या. २०१२ च्या अहवालानुसार १२ मुलं वर्षभराहून जास्त काळ गोळीशिवाय ठणठणीत होती. मज्जा दिली नाही, काही नाही. ती बारा मुलं तपासली नसती तर जन्मभर विनाकारण गोळ्या खात राहिली असती. आज अशी किती माणसं गोळ्या खात असतील?

याच्या उलट बोलणारे मूर्ख नाहीत. त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मार्च २००६ मधलं लंडन. टीजीएन१४१२ नावाचं एक प्रतिपिंड औषध होतं. सीडी२८ या टी पेशीवरच्या बटणाला ते असं दाबायचं की उंदरांच्या जातीत ट्रेग भराभर वाढत. माकडांतही काही बिघडलं नाही. सहा निरोगी तरुणांना अगदी अल्प मात्रा टोचली आणि दीड-दोन तासांत त्यांच्या अंगात सायटोकाइन या दाह पेटवणाऱ्या रेणूंचं वादळ उठलं, सहाही जण अतिदक्षता विभागात. सुदैवानं सगळे वाचले. माणसाच्या ज्या लढाऊ, अनुभवी टी पेशींवर हे बटण असतं, त्या पेशींवर माकडांत ते नसतं, हे नंतर कळलं. ट्रेग वाढवायला गेलो आणि सैन्यच पेटवलं.

मी या घटनेतून घेतो तो धडा थोडा वेगळा आहे. तिथे एका कृत्रिम हातोड्यानं शरीरातल्या सगळ्या टी पेशींचं बटण एकदम दाबलं होतं. मज्जेतला संकेत स्पर्शाचा आहे, जागेपुरता आहे, आणि मूळ पेशीला उत्तर देणारी यंत्रणाही तिथेच आहे. २०२२ मध्ये दिसून आलं की मूळ पेशी स्वतःच्या आतलं सामान सतत बाहेर मांडून टी पेशींना दाखवत असतात. त्यात कर्करोगाकडे झुकल्याची खूण आढळली तर टी पेशी त्या मूळ पेशीला वाढून, वयात येऊन संपायला लावतात. म्हणजे मज्जेतलं अभय आंधळं नाही, तिथे झडतीही होते. सहिष्णुता वाढवली तर कर्करोगाला रान मोकळं मिळेल ही भीती खरी आहे, अनेक गाठी ट्रेगच्याच आडोशाला वाढतात. पण त्याच भीतीपोटी सगळी प्रतिकारशक्ती जन्मभर दाबून ठेवायची, हे कुठलं शहाणपण? दुधानं पोळलेल्यानं ताक फुंकून जरूर प्यावं, ताक पिणंच सोडू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. मज्जा रुजवायची तर आधी रुग्णाची प्रतिकारशक्ती रेडिएशननं आणि औषधांनी बरीच नमवावी लागते. आणि दात्याच्या टी पेशी रुग्णावरच उलटल्या तर ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट हा आजार होतो, जो मारू शकतो. अशाच उपचाराची तिसऱ्या टप्प्यातली एक चाचणी कंपनीनं २०२३ मध्ये बंद केली. रुग्ण हवे तितक्या वेगानं मिळत नव्हते, आणि त्याआधी एक सहभागी याच आजारानं दगावला होता. ज्याची किडनी गोळ्यांवर बरी चालली आहे त्याला हा जुगार खेळ असं मी सांगणार नाही. मित्रालाही नाही.

पण ती चाचणी कुणी बंद केली ते पाहा. एका कंपनीच्या हिशोबात ती बसली नाही, आणि ती तिथेच थांबली. एकदाच द्यायचा, प्रत्येक दाता-रुग्ण जोडीला वेगळा करावा लागणारा, यशस्वी झाला तर गिऱ्हाईक कायमचं घालवणारा उपचार कोणत्या कंपनीला परवडेल? यात कुणी खलनायक नाही. टॅक्रोलिमसचं पेटंट केव्हाच संपलं आहे, त्याच्या जेनेरिक गोळ्या विकणाऱ्यांना संशोधनाशी देणंघेणं नाही, आणि नव्या कंपनीला इतक्या थोड्या रुग्णांत धीर धरवत नाही. म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशांचं आहे. डायलिसिसचा आणि जन्मभराच्या गोळ्यांचा भार बहुतेक ठिकाणी शेवटी समाजच उचलतो, आणि तोही तिरपागड्या पद्धतीनं. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना किडनी बसवायला पैसे द्यायची आणि केवळ किडनीच्या आजारामुळे योजनेत आलेल्यांच्या गोळ्यांची मदत ३६ महिन्यांनी तोडायची. गोळी सुटली की किडनी जायची, माणूस पुन्हा डायलिसिसवर, आणि डायलिसिसला मात्र मेडिकेअर पैसे देणारच. हा विनोद कायद्यानं दुरुस्त व्हायला २०२० साल उजाडलं, अंमल २०२३ पासून.

माझी मागणी साधी आहे, आणि तिला नव्या शोधाची वाट बघायची गरज नाही. अवयवदान घेताना मणक्यातली मज्जाही काढून, पेशी वेगळ्या करून, तपासून, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवावी. संमतिपत्रात एक ओळ वाढेल. मृत दात्याच्या मणक्यातून मज्जा काढता येते, हे १९९० च्या दशकात पिट्सबर्ग आणि मायामीच्या शल्यविशारदांनी दाखवलेलं आहे. त्यांनी ती अवयवाबरोबर रुग्णांना दिलीही होती. रुग्णाची मोठी पूर्वतयारी केली नव्हती, त्यामुळे गोळ्या सोडवण्याइतकं साधलं नाही, आणि विषय मागे पडला. आज ट्रेगची भाषा थोडीफार कळू लागल्यावर तो विषय पुन्हा उघडायला हवा, की तीस वर्षांपूर्वीच्या निकालावर धूळ साचू द्यायची?

गोठवून ठेवण्याचा खरा फायदा वेळेचा आहे. मृत दात्याचा अवयव अवेळी येतो, काही तासांत बसवावा लागतो. त्या धावपळीत रुग्णाला मज्जेसाठी तयार करणं जवळपास अशक्य. म्हणूनच आजवरचं बहुतेक यश जिवंत नातलग दात्यांपुरतं राहिलं. पण मज्जा नंतरही देता येते. माकडांत आधी किडनी बसवून चार महिन्यांनी त्याच दात्याची मज्जा दिली, आणि सहिष्णुता साधली. गोठवलेल्या पेशी तर त्याहून कितीतरी जास्त काळ टिकतात. आज उपचार जोखमीचा आहे, कबूल. उद्या पूर्वतयारी सौम्य झाली, ट्रेग वाढवणारे संकेत सुटे करून देता आले, तर ज्यांच्या दात्याची मज्जा जपलेली असेल त्यांनाच दार उघडेल. किडनी बसवली त्या दिवशी मज्जा टाकून दिली असेल तर दहा वर्षांनी लागलेला शोध त्या माणसाच्या काय कामाचा?

नाळेचं रक्तही एके काळी वारेबरोबर कचऱ्यात जायचं. १९८८ मध्ये पॅरिसला एका मुलाला त्याच्या बहिणीच्या नाळेतल्या रक्तानं वाचवलं, आणि मग त्याच्या पेढ्या निघाल्या. त्यांतल्या खाजगी पेढ्यांनी तान्ह्या बाळाच्या आईबापांना भीती विकण्याचा कसा धंदा मांडला तेही आपण पाहिलं. मज्जेची पेढी त्या वाटेनं जाता कामा नये. ती सार्वजनिकच हवी, पेशींवर हक्क फक्त त्या दात्याचे अवयव मिळालेल्यांचा, आणि फॅमिली पॅकेज वगैरे काही नाही.

त्याच्या जोडीला आणखी एक हवं : गोळीविना जगणाऱ्यांची नोंद. काही माणसं कंटाळून, पैशांअभावी किंवा नुसत्या विसराळूपणानं गोळ्या सोडतात. बहुतेकांचा अवयव जातो. काहींचा जात नाही, आणि ती माणसं डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसतात. त्यांच्या रक्तात ट्रेग किती आहेत, कशा आहेत, दात्याची ओळख त्यांना पटली कशी, हे पाहण्यासारखं दुसरं धन नाही. रागावण्याऐवजी त्यांना बोलावून बसवा, रक्त घ्या, चहा पाजा. गोळ्या सोडा असा याचा अर्थ कुणी काढू नये. देखरेखीशिवाय गोळी सोडणं म्हणजे अवयव घालवणं, हे मी दोनदा लिहायला तयार आहे.

आणि यशाची मोजपट्टी बदलावी. पहिल्या वर्षाच्या आकड्यांशेजारी प्रत्येक केंद्रानं आणखी एक रकाना भरावा : किती रुग्णांची औषधं सुरक्षितपणे कमी झाली. सुरुवातीला तिथे शून्यच येतील. रकाना रिकामा दिसला की कुणीतरी विचारतं, हा कशासाठी आहे. युरोप आणि अमेरिकेत मिळून झालेल्या 'द वन स्टडी' या चाचणीत नियामक पेशी दिलेल्या ३८ किडनी-रुग्णांपैकी १५ जणांचं एक औषध सोडून बाकीची बंद करता आली, आणि विषाणूंचा त्रासही कमी झाला, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे रकाना अगदीच कोरा राहणार नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं तेव्हा त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यासाठी काही होईल का, असं विचारलं. त्याच्या दात्याची मज्जा कुणी ठेवली असती तर, असं मी म्हणालो आणि थांबलो. दात्याच्या घरच्यांनी सही करताना कुणी विचारलं असतं तर त्यांनी तीही दिली असती, असं तो म्हणाला; जे मिळालं त्यावरून त्याला तशी खात्री आहे. तेवढ्यात आठ वाजले.